तिसऱ्या चाकाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला, 'मोटारसायकलची साइडकार'. त्यावर चिटणीसांनी फोन करून विचारले, "साहेब, विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. मी कामगार चळवळीवरच बोलणार आहे; फक्त जरा बाजूच्या रस्त्याने जाणार आहे.

प्रथम माझी पायरी सांगतो. आठवीनंतर मी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली आणि मी ठाण्याच्या एका लहान कारखान्यात लेथवर हरकाम्या म्हणून लागलो. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि रद्दीवाल्याच्या दुकानातले. त्यामुळे इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांची सनावळी, ही सवय मला लागलीच नाही. मला इतिहास भेटला तो वस्तूंच्या रूपाने. वस्तू कोणी केली, कोणी वापरली, आणि ती का नाहीशी झाली, हे तीन प्रश्न विचारले की कोणतीही वस्तू बोलू लागते, असा माझा अनुभव आहे.

साइडकार म्हटले की 'शोले' आठवतो. १९७५ च्या त्या चित्रपटाने आपल्या तीन पिढ्यांच्या मनात साइडकारचे एकच चित्र ठसवले आहे: दोन मित्र, मोकळा रस्ता आणि मौज. मला मात्र साइडकार म्हटले की आमचे तात्या आठवतात. तात्या युनियनचे जुने संघटक. त्यांच्याजवळ एक जुनी बुलेट होती आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार जोडलेली होती. साइडकारमध्ये भाऊ बसत. कारखान्यात क्रेनवरून सुटलेल्या मालाखाली सापडून भाऊंचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. पहिल्या पाळीच्या गेटसभेला तात्या आणि भाऊ त्या गाडीवरून येत, तेव्हा तिचा आवाज ऐकूनच कामगार गेटाकडे वळत. मोटारसायकल आणि साइडकार मिळून जे वाहन होते त्याला मी सोयीसाठी 'जोडगाडी' म्हणणार आहे. ती गाडी चालवायला मी तात्यांकडे शिकलो, आणि तिच्यामुळेच हा इतिहास शोधण्याच्या नादाला लागलो.

आता मूळ हकीकत. मोटारसायकल जन्माला आली तेव्हापासून तिच्यापुढे एक प्रश्न होता: दुसरा माणूस बसवायचा कोठे? विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दोन उत्तरे चालू होती. एक म्हणजे मागे लहानशी गाडी जोडायची. ह्यात बसणाऱ्याने सारी धूळ आणि सारा धूर खायचा, आणि मागची गाडी सुटून पडली तर पुढच्याला कळणारही नाही. दुसरे उत्तर म्हणजे पुढे खुर्ची बसवायची. ह्यात बसणाऱ्याला देखावा उत्तम दिसे. परंतु टक्कर झाली की पहिला मार त्यालाच. बाजूला बसवण्याची कल्पना त्यानंतरची. जानेवारी १९०३ मध्ये एका इंग्रजी मोटारसायकल पत्रात ह्या कल्पनेचे एक व्यंगचित्र आले आणि थोड्याच आठवड्यांत ग्रॅहॅम नावाच्या एका कारागिराने तिचा पेटंट हक्क मागितला. थट्टा म्हणून काढलेली गोष्ट कारागिराने खरी करून दाखवली!

ह्या उत्तरात एक मोठी गोष्ट होती. माणूस मागेही नाही आणि पुढेही नाही. तो शेजारी आला. चालवणारा आणि बसणारा एकमेकांशी बोलू शकतात, एकच रस्ता पाहतात आणि धोका दोघांनाही सारखाच. १९१२ साली बर्मिंगहॅमला वॉट्सोनियन हा साइडकारचा कारखाना निघाला. ह्या पहिल्या गाडीची अडचण अगदी घरगुती होती. जोडगाडी बोळातून आत घालायची तर ती मावत नसे, म्हणून वॉट्सन ह्यांनी घडी होणारी साइडकार केली. बोळात राहणाऱ्या लोकांची गरज ओळखूनच हा धंदा उभा राहिला, हे लक्षात ठेवावे.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. ब्रिटिश लष्कराने साइडकारवर मशीनगन बसवून स्वतंत्र पथके उभी केली. जखमींना वाहून नेण्यासाठीही जोडगाड्या वापरल्या. युद्धाची कथा येथे लांबवत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की युद्ध संपले तेव्हा हजारो तरुण मोटारसायकल चालवायला शिकून घरी परतले होते, आणि लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या बाजारात आल्या होत्या.

ह्या सुमारास लँकेशायरमधील ब्लॅकपूल ह्या गावी एक गोष्ट घडली. ब्लॅकपूल म्हणजे कापडगिरण्यांच्या मुलखातले समुद्रकाठचे गाव. तिकडे वर्षातून एक आठवडा असा येई की एकेका शहरातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद राहात आणि गिरणी कामगार बायकामुलांसह ब्लॅकपूलला समुद्रावर जात. लालबाग-परळची गिरणगावी मंडळी गणपती-शिमग्याला कोकणात उतरतात, तसेच म्हणा ना. ह्या गावात विल्यम वॉम्सली नावाचा एक तरुण घरच्या घरी साइडकार बनवत असे. लाकडी सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि अष्टकोनी, चकचकीत घाट. शेजारच्या विल्यम लायन्सला ती इतकी आवडली की त्याने एक विकत घेतली आणि मग भागीदारीच मागितली. १९२२ साली लायन्स एकवीस वर्षांचा झाला, दोघांच्या वडिलांनी हमी घेतली, बँकेने एक हजार पौंडांची उचल दिली, आणि 'स्वॅलो साइडकार कंपनी' सुरू झाली.

ह्या कंपनीचे पुढे काय झाले? तिने मोटारींना सुंदर सांगाडे बसवायला सुरुवात केली. १९२८ मध्ये ती कॉव्हेंट्रीला गेली. १९३५ मध्ये तिने आपल्या मोटारीला नाव दिले 'जॅग्वार', आणि १९४५ मध्ये कंपनीचेच नाव जॅग्वार झाले. २००८ साली ही जॅग्वार आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली. पिंपरीच्या कारखान्यातल्या माझ्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. पण श्रीमंतीचे प्रतीक मानल्या गेलेल्या त्या मोटारीचे मूळ साइडकारमध्ये आहे. मोटारी होऊ लागल्यावर कंपनीने साइडकारचे अंग हळूहळू टाकून दिले. 'स्वॅलो' हे साइडकारचे नाव हातोहात फिरत १९५६ साली वॉट्सोनियनकडे आले. ज्याच्या जिवावर कंपनी उभी राहिली तो गिऱ्हाईक रस्त्यावरच राहिला आणि कंपनी पुढे गेली. धंद्याचा हा नियमच आहे, असे कोणी म्हणेल. मी फक्त नोंद करतो.

ह्या गिऱ्हाइकाचे जीवन कसे होते? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत इंग्लंडातल्या कामगाराची कुटुंबगाडी म्हणजे जोडगाडी. आठवडाभर तो हिच्यावरून कामावर जाई. सुट्टीच्या दिवशी पाठीमागच्या बैठकीवर किंवा साइडकारमध्ये बायको, तिच्या मांडीवर धाकटे मूल, मागच्या जागेत थोरले, आणि पायांशी खाण्याची पेटी, असा संसार समुद्राकडे निघे. सुतार, रंगारी, पाववाले साइडकारच्या जागी नुसती पेटी बसवून त्यात हत्यारे आणि माल नेत. रस्त्यात बंद पडलेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या संघटनेचे गस्तवाले अशाच पिवळ्या जोडगाड्यांवर हत्यारांची पेटी घेऊन फिरत. ह्या कामासाठी यॉर्कशायरच्या क्लेकहीटन गावात 'पँथर' नावाची मोटारसायकल बनत असे. तिच्या मोठ्या जातीत इंजिनाला सिलिंडर एकच, पण ५९८ घनसेंटिमीटरचा. वेग बेताचा, मात्र भरलेली साइडकार घेऊन ती चढ तक्रार न करता चढे. पाळीतला जुना भरवशाचा कामगार असतो ना, तशी.

आता ही गाडी चालवायची कशी ते सांगतो. कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एकटी मोटारसायकल वळणावर कलते. जोडगाडी कलत नाही. ती हँडल ओढून वळवावी लागते. आपल्याकडे आणि इंग्लंडात साइडकार डावीकडे असते. रेस दिली की मोटारसायकल पुढे पळू पाहते, साइडकार जडपणामुळे मागे रेंगाळते, आणि गाडी डावीकडे ओढ घेते. ब्रेक लावला की उलट होते: मोटारसायकल थांबते, साइडकार पुढे धावते, आणि गाडी उजवीकडे जाते. डाव्या वळणावर साइडकारचे चाक जमीन सोडू पाहते. म्हणून जोडणी करताना मिस्त्री तीन मापे पाहतो. साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या किंचित पुढे हवे, त्याचे तोंड किंचित आत वळलेले हवे, आणि मोटारसायकल साइडकारपासून किंचित बाहेर कललेली हवी. शिवाय ओझे ओढायचे म्हणून इंजिनाकडचे स्प्रॉकेट कमी दात्यांचे बसवतात. ही मापे चुकली की गाडी दिवसभर एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात.

तात्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "हे बघ, भाऊ बसलेले नसतील तेव्हा त्यांच्या जागी वाळूची गोणी ठेवायची. विसरायचे नाही." एके दिवशी मी विसरलो. गेटसभेची पत्रके साइडकारमध्ये टाकली आणि घाईने निघालो. डाव्या वळणावर तिसरे चाक वर उचलले गेले. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे फेकली गेली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या चिखलात रुतली. समोरून काही येत नव्हते म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. पत्रके गटारात गेली. संध्याकाळी तात्या रागावतील म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. भाऊ मात्र हसून म्हणाले, "गोणी ठेवली असतीस तर वाचला असतास. पण एक सांगतो, गोणी आणि माणूस ह्यांत फरक असतो बरं का. गोणी नुसती वजन देते. माणूस वळण बघून स्वतः झुकतो."

भाऊंचे हे वाक्य किती खरे आहे ते मला पुढे शर्यतींचा इतिहास वाचताना कळले. आयल ऑफ मॅन बेटावरची मोटारसायकलची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तिथे जोडगाड्यांची पहिली शर्यत १९२३ साली झाली आणि ती फ्रेडी डिक्सनने डग्लस गाडीवर जिंकली. त्याची साइडकार वळणावर खालीवर होणारी होती. पण तिचा दांडा डिक्सनच्या हातात नव्हता. तो शेजारी बसलेल्या वॉल्टर डेनीच्या हातात होता. डेनीने वेळेवर दांडा ओढला नसता तर डिक्सनचे कौशल्य काय कामाचे होते? १९४९ मध्ये जोडगाड्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता एरिक ऑलिव्हर, आणि त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन. हे जेंकिन्सन पेशाने पत्रकार. १९५५ साली इटलीतील 'मिले मिलिया' ह्या हजार मैलांच्या मोटारशर्यतीत स्टर्लिंग मॉस जिंकला, तेव्हाही शेजारी हेच बसले होते. मार्गातली वळणे त्यांनी कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहून घेतली होती आणि हाताच्या खुणांनी ते मॉसला पुढचे वळण सांगत होते. १९५४ मध्ये इंगे स्टॉल ह्या जर्मन बाईंनी जोडगाडीत शेजारी बसून आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत भाग घेतला. त्या शर्यतीत उतरलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५८ मध्ये ब्रनोच्या शर्यतीत त्यांचा आणि त्यांचे चालक जाक द्रिओं ह्यांचा एकाच अपघातात अंत झाला. धोका दोघांना सारखाच, असे मी मघाशी म्हणालो ते असे.

शर्यतीतला हा शेजारी कधी रस्त्याला अंग घासेल इतका बाहेर वाकतो, तर कधी चालकाच्या पाठीवर येतो. तो नुसता नेला जात नाही. तो गाडी वळवतो. तरीही गावोगाव बोलले जाते ते चालकाचे नाव. ऑलिव्हरला विचाराल तर शंभर जण सांगतील. जेंकिन्सनना लोक ओळखतात ते मॉसमुळे. डेनीला कोण ओळखतो?

असो. ह्या गाड्यांचा अस्त कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९५९ मध्ये 'मिनी' ही लहान मोटार बाजारात आली. किंमत पाचशे पौंडांच्या आत. चार माणसे बसणार, वर छप्पर, पावसात भिजायला नको. हप्त्याने पैसे भरण्याची सोय होतीच. कामगाराने हिशेब केला आणि जोडगाडी विकली. त्यात वाईट काहीच नाही. थंडीपावसात मूल भिजू नये असे कोणाला वाटणार नाही? दहा वर्षांत रस्त्यांवरून जोडगाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि पँथरचा कारखानाही त्याच दशकात बंद पडला. वॉट्सोनियन तगली, पण आता साइडकार ही हौशी लोकांची वस्तू झाली आहे. कामगाराच्या गरजेची वस्तू जुनी झाली की ती श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. आपल्याकडे जात्याचे आणि पितळी बंबाचे तेच झाले.

रशियाची कथा वेगळी. तिकडे जर्मनीच्या बीएमडब्ल्यू गाडीच्या नमुन्यावर १९४१ साली मॉस्कोत लष्करासाठी जोडगाडी तयार होऊ लागली. जर्मन सैन्य जवळ येताच सगळा कारखाना यंत्रांसह उचलून उरल पर्वताच्या पलीकडे इर्बित गावी नेला. जागा मिळाली ती बियरच्या जुन्या कारखान्याची. १९४२ च्या आरंभी तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. ह्याच गाडीचे नाव पुढे 'उरल' झाले. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये तिची जुळणी कझाकस्तानात हलवली गेली. फिलिपिन्समध्ये तर साइडकार जोडलेली मोटारसायकल हीच गल्लीबोळांतली रिक्षा आहे आणि तिच्या चालकांच्या संघटनाही आहेत. म्हणजे जिथे ती पोटापाण्याची वस्तू राहिली, तिथे ती जिवंत राहिली.

आपल्याकडे जोडगाडी कधी फार झाली नाही. मुंबई-पुण्यात स्कूटरला साइडकार जोडलेली काही कुटुंबे दिसत. स्कूटरच मुळी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळे. मग तीत चौघांचा संसार बसवण्याची ही युक्ती. परंतु आपल्या कायद्यात साइडकारला एक विलक्षण जागा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची व्याख्या दिली आहे ती अशी की, मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, आणि त्यात जादा चाक असलेली, सुटी होणारी साइडकारही आली. म्हणजे तीन चाके डोळ्यांना दिसतात, जमिनीला टेकतात, टायर झिजवतात. पण मोजताना दोनच! हे कलम प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. नंतर हसू आले नाही, ते का ते सांगून मी आपली रजा घेतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी पगारवाढीचा करार केला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली, हारतुरे झाले, गुलाल उधळला. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रांवर ठेकेदाराची माणसे काम करत होती. त्यांची नावे करारात नव्हती. व्यवस्थापन म्हणाले, "ती आमची माणसे नाहीत." मी मनात म्हणालो, आधी आपली घडी बसवू, मग त्यांचे पाहू. भाऊंना करार वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ही माणसं गोणीसारखी धरलीस का तू?"

पुढे चार वर्षांनी त्या कारखान्यात संप झाला. कायम कामगार गेटाबाहेर होते आणि ठेकेदाराची माणसे आत गेली. आमच्यातले तरुण त्यांना गद्दार म्हणू लागले. मला ते म्हणवेना. ज्याला आम्ही कधी मोजलेच नाही, त्याने आमच्यासाठी वळणावर का झुकावे? संप बुडाला. त्यातले किती संसार मोडले ते मला नावानिशी ठाऊक आहे, आणि त्या करारावरची सही माझी आहे.

तात्या आता नाहीत. भाऊही गेले. ती बुलेट माझ्याकडे आहे. रविवारी बाहेर काढतो. साइडकारमध्ये गोणी आहेच. पण शक्यतो कोणाला तरी बरोबर घेतो. हल्ली बहुतेक वेळा ठेकेदारीवर काम करणारा एखादा मुलगा असतो. आमच्या युनियनच्या घटनेत आम्ही दुरुस्ती केली आहे. ठेक्यावरचा कामगारही आता पूर्ण सभासद आहे, वर्गणी आणि मत दोन्ही इतरांइतकेच. उशीर झाला हे मान्य आहे. डावे वळण आले की मी त्या मुलाला काही सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो आपणहून झुकायला शिकतो, आणि तिसरे चाक जमिनीवर राहते.